निळी की लाल? पूररेषेचा रंग आणि घराचं जोतं

मागच्या उन्हाळ्यात भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूरकडचे एक काका घरकुलाचा नकाशा काढून घ्यायला आले आणि खुर्चीत टेकायच्या आत म्हणाले, "माहा प्लॉट लाल रेषेत येते म्हणतेत. आता घर नाही होत ना जी?" त्यांच्याच गावातला एक जण निळ्या रेषेच्या आत होता आणि तो अगदी निवांत होता. लाल म्हणजे थांबा, निळं म्हणजे चालू द्या, असं दोघांनीही सिग्नल बघून ठरवलेलं. खरा प्रकार उलटा आहे. काकांचं घर होऊ शकत होतं. निवांत बसलेल्याचं अवघड होतं.

नदीचा पूर कुठवर येऊ शकतो ते दाखवणाऱ्या या दोन पूररेषा: निळी नदीकडची, लाल गावाकडची. पात्रापासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा म्हणजे निषिद्ध क्षेत्र. तिथे राहायचं नवं घर बांधता येत नाही. बाग, मोकळं मैदान, वाहनतळ, ओट्यांचा भाजीबाजार, स्मशानभूमी, पाइपलाइन अशा गोष्टी चालतात, म्हणजे पाणी येऊन गेलं तर धुऊन पुन्हा वापरता येतील अशा. निळ्या आणि लाल रेषेच्या मधला पट्टा म्हणजे नियंत्रित क्षेत्र. इथे घर होतं, पण अटीवर. डिसेंबर 2020 पासून लागू असलेल्या राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे घराच्या जोत्याची पातळी लाल पूररेषेच्या पातळीपेक्षा 0.45 मीटर, म्हणजे साधारण दीड फूट वर हवी. निळ्या रेषेच्या आत आधीपासून अधिकृत घर असेल, तर तेही याच उंचीवर आणि पाटबंधारे खात्याची ना-हरकत घेऊन नव्याने बांधता येतं. "अधिकृत" या शब्दावर पुढे येतो.

या रेषा येतात कुठून? निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, किंवा पात्र जेवढं पाणी वाहून नेऊ शकतं त्याच्या दीडपट विसर्गाची. दोहोंत जो मोठा, तो धरायचा. लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या "एकदा"ने मात्र फार घोळ घातलाय. "2020 ला येऊन गेला, आता शंभर वर्षं काळजी नाही," असं मी पारावर स्वतः ऐकलंय. शंभर वर्षांचा पूर म्हणजे दर पावसाळ्यात तो येण्याची शक्यता 1 टक्का. 25 वर्षांचा म्हणजे दर पावसाळ्यात 4 टक्के. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस गोसीखुर्द धरणाचे 33 ही दरवाजे उघडले होते आणि वैनगंगा गावागावांत शिरली होती. ती पुढच्या वर्षीसाठी काही हिशोब मिटवून गेली नाही. घर तीस वर्षं टिकेल असं धरा. निळ्या रेषेवरच्या घरात त्या काळात एकदा तरी पाणी शिरण्याची शक्यता 70 टक्के भरते, लाल रेषेवरच्या घरात 26 टक्के. दुसरा आकडाही काही लहान नाही, म्हणून तर ती दीड फुटांची अट.

लोक विचारतात, नदीपासून किती फूट सोडायचं? पूररेषेच्या नियमात ही फूटपट्टी चालत नाही. भंडाऱ्याजवळ कारधा इथे वैनगंगेची धोका पातळी 245.50 मीटर आहे, हे पावसाळ्यात मोबाइलवर सगळेच वाचतात. पूररेषाही असाच समुद्रसपाटीपासूनचा उंचीचा आकडा आहे. ती उंची जमिनीवर जिथे जिथे जुळते, तिथून नकाशावर रेघ जाते. त्यामुळे नदीपासून अर्धा किलोमीटरवरचं खोलगट वावर रेषेत येतं आणि काठावरची टेकाडी सुटते.

आता अंमलबजावणी, आणि खरी गफलत इथेच होते. रेषा आखतो जलसंपदा विभाग, म्हणजे तेच पाटबंधारे खातं, ज्याला गावात अजून इरिगेशनच म्हणतात. ती पाळली जाते की नाही हे बघायचं काम परवानगी देणाऱ्याचं. गावठाणात ती ग्रामपंचायत देते, 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 52 खाली. गावठाणाबाहेर जिल्हाधिकारी, नगररचना खात्याच्या सल्ल्याने. "रेषा आमची नाही, इरिगेशनची आहे," असं म्हणून ग्रामपंचायतीला हात झटकता येत नाहीत. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचं कलम 41 सांगतं की आपल्या हद्दीतली बांधकामं आपत्ती टाळण्याच्या मानकांप्रमाणे होतात हे स्थानिक प्राधिकरणाने बघायचं, आणि त्यात पंचायतीही येतात. पण सरपंचासमोर शेजारीपाजारीच अर्ज घेऊन उभे असतात, तेव्हा नाही म्हणणं किती जड जातं, ते गावात राहणाऱ्यालाच ठाऊक.

"पण माहं घर तर नमुना 8 ला चढलंय ना!" हा ठरलेला प्रश्न. नमुना 8 ही कर आकारणीची नोंद. कर भरला म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही; परवानगीचा कागद वेगळा.

धरणाच्या वरच्या अंगाच्या गावांत आणखी एक मिसळ होते, बुडीत क्षेत्राची. बुडितात जमीन सरकार संपादित करतं आणि मोबदला देतं. पूररेषेत सातबारा तुमचाच राहतो, धान लावा, भाजी लावा. फक्त बांधकामाला बंधन. त्यामुळे "रेषेत गेलो, आता पैसे कधी?" याला उत्तर नाही.

नरखेड तालुक्यातल्या मोवाडमध्ये 30 जुलै 1991 ला वर्धा नदीच्या पुरात दोनशेहून अधिक माणसं गेली आणि पुढे गाव दुसऱ्या जागी वसवावं लागलं. तिकडच्या जुन्या माणसांना रेषा कशाला, हे समजावावं लागत नाही.

काकांना मी एवढंच सांगितलं की इरिगेशनकडे पूररेषेचा दाखला मागताना "प्लॉट रेषेत आहे की नाही" एवढ्यावर थांबू नका, दोन्ही रेषांची पातळी मीटरमध्ये लिहून मागा. आकडे सोपे धरू: लाल पातळी 248.00, तुमची जमीन 247.20. जोतं हवं 248.45 वर, म्हणजे जमिनीपासून सव्वा मीटर, चार फुटांहून थोडं जास्त. मिस्त्री म्हणेल अख्खा प्लॉट मुरुम टाकून उचलू. ते नको, पाणी शेजाऱ्याच्या अंगणात लोटलं जातं. जोतं घरापुरतंच वर घ्यावं, जमलं तर खांबांवर.

काकांचंही जवळपास असंच निघालं. दाराशी सात पायऱ्या आल्या, म्हातारीसाठी एका बाजूला पाइपाचा कठडा. त्यांनी नकाशावर बोट ठेवून विचारलं, "मंग बैल कुठं बांधू?" गोठा खालीच ठेवला, जमिनीवर. पाणी चढायला लागलं की दावं सोडून बैल शाळेजवळच्या उंचवट्यावर न्यायचे, 2020 ला तसंच केलं होतं, म्हणाले.