पितळी पुंगळीच्या मानेचे तडे

रायफलीच्या काडतुसात गोळी जिथे आवळून धरलेली असते, त्या पुंगळीच्या, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळीच्या, अरुंद भागाला मान म्हणतात. या मानेला उभी चीर पडणे हा जुना आणि चिवट दोष आहे. तो दोन वाटांनी येतो: साठवणीत हवेतल्या अमोनियामुळे, आणि झाडलेली पुंगळी पुन्हा पुन्हा भरल्यामुळे. वाटा दोन दिसल्या तरी मूळ एकच, धातूत कोंडून राहिलेला ताण.

पहिल्या प्रकाराची नोंद भारतात झाली. ब्रिटिश फौजेच्या हालचाली पावसाळ्यात थंडावत आणि काडतुसे उघडीप होईपर्यंत तबेल्यांत ठेवली जात. नंतर पेट्या उघडल्यावर एकदाही न झाडलेल्या काडतुसांच्या पितळेला तडे गेलेले आढळत, विशेषतः गोळी आवळलेल्या जागी. याला इंग्रजीतून ‘सीझन क्रॅकिंग’ हे नाव पडले. कारणाचा उलगडा मात्र १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी केला. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया आणि थंड अवस्थेत ओढलेल्या पितळेतला शिल्लक ताण यांनी मिळून हे केले होते. दमट हवेत अमोनिया तांब्याशी संयुग बनवतो आणि ताणलेल्या धातूत स्फटिककणांमधल्या सीमा पोखरत जातो. यांपैकी ताण काढून घेतला तर अमोनिया फारसे बिघडवू शकत नाही. मला या शोधाचे मोल इथे वाटते, कारण तबेले बदलण्यापेक्षा पितळ सुधारणे कारखान्याच्या हातात होते.

पुंगळीचे पितळ साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्ताचे असते. ते उत्तम ताणले जाते, म्हणूनच निवडले गेले. पण जस्ताचे हे प्रमाण तड्यांना पोषक आहे. १५ टक्क्यांहून कमी जस्ताचे पितळ या बाबतीत बरेच सुरक्षित असते. चकतीची वाटी, वाटीची नळी, मग मान आवळणे, अशा प्रत्येक टप्प्याला धातू कठीण होत जातो. पुण्याच्या तांबट आळीतला कारागीर हे जाणतो: ठोकून ठोकून पत्रा ताठरला की तो भट्टीत तापवून मऊ करून घेतो, नाहीतर पत्रा फाटतो. काडतूस कारखान्यातही मान आवळल्यावर तेवढ्याच भागाला आच देतात. या क्रियेला अनुशीतन म्हणतात.

पुनर्भरणात हाच इतिहास छोट्या प्रमाणात घडतो. अमेरिकेत अनेक नेमबाज स्वतःच्या पुंगळ्या पुन्हा भरतात. भारतात परवान्याशिवाय दारूगोळा बनवणे शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार गुन्हा आहे. बार उडताना मान चेंबरच्या, म्हणजे रायफलीत काडतूस बसते त्या पोकळीच्या, भिंतीपर्यंत फुगते. मग पुन्हा भरण्याआधी पुंगळी ज्यात दाबून मापात आणतात तो साचा तिला गरजेपेक्षा जास्त आवळतो आणि साच्यातला गोळा बाहेर येताना तिला आतून पुन्हा रुंदावतो. फुगणे, आवळणे, रुंदावणे या प्रत्येक फेरीत पितळ कठीण होते. कठीण मान आवळली तरी थोडी उसळून परत येते, त्यामुळे गोळीवरची पकड एकेका पुंगळीत वेगळी पडते. शेवटी मान चिरते. चिरलेली पुंगळी टाकूनच द्यावी लागते. चेंबर ऐसपैस आणि साचा फार अरुंद असला, तर ही वेळ लवकर येते.

मानेचा दुसरा त्रास चिरेइतका डोळ्यांना दिसत नाही. पितळ दाबाने पुढे सरकते, पुंगळी लांबते. तिचे तोंड वेळोवेळी कापून मापात आणावे लागते. मान आणि तिच्याखालचा उतरता भाग, म्हणजे खांदा, मिळतात तिथे आतून जाड कडेही तयार होते. ते रिमरने (भोक आतून तासणाऱ्या हत्याराने) किंवा बाहेरून मान तासून काढतात.

उपाय तोच, अनुशीतन. पण आच फक्त मान आणि खांद्यापुरती हवी. बूड मऊ झाले तर ते दाब पेलू शकत नाही आणि वायू मागे, नेमबाजाच्या तोंडाकडे फुटतो. या कामातली ही सर्वांत गंभीर चूक आहे. मान अति तापवली तरी ती लिबलिबीत होऊन गोळी नीट धरत नाही. आणि पुंगळ्या चकचकीत करायला अमोनियायुक्त पॉलिश वापरणे म्हणजे तबेला घरी आणणे होय.

अमेरिकी लष्करी काडतुसांच्या मानेभोवती या आचेचा निळसर-तपकिरी पट्टा मुद्दाम तसाच ठेवलेला असतो. बाजारातल्या बऱ्याच काडतुसांवरून तो घासून काढलेला असतो. नवख्याला तो डाग वाटतो. मानेचा ताण काढलेला आहे, याची ती खूण असते.