अस्थिसंवहनी श्रवणरोपण शस्त्रक्रिया

ध्वनीची कंपने कवटीच्या हाडातून थेट आंतरकर्णापर्यंत पोहोचवणारे साधन कानामागच्या हाडात बसवण्याची शस्त्रक्रिया. जन्मतः कर्णनलिका नसलेली मुले आणि कान सतत वाहत असल्याने साधे श्रवणयंत्र वापरता न येणारे प्रौढ हे तिचे प्रमुख रुग्ण. एक कान पूर्ण बहिरा असल्यास त्या बाजूचा आवाज कवटीतून चांगल्या कानाकडे नेण्यासाठीही ती करतात.

टायटेनियम हाडाशी एकजीव होते, हे स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क यांनी दाखवले. दातांसाठी रुळलेले हे तंत्र १९७७ मध्ये तिथल्याच गोथेनबर्ग शहरात प्रथम कानाच्या रुग्णांवर वापरले गेले. हाडात स्क्रू, त्यावर त्वचेबाहेर डोकावणारा खुंट आणि खुंटावर चढवलेला, आवाज टिपून त्याची कंपने करणारा प्रोसेसर, अशी ही रचना. आवाज उत्तम पोहोचे. पण खुंटाभोवतीची त्वचा लाल होणे, चिघळणे, खुंटावर वाढणे हा डोकेदुखीचा विषय ठरला. पुढची जवळपास सगळी वाटचाल या त्वचेच्या प्रश्नाभोवतीच फिरते.

सुरुवातीला खुंटाभोवतीची चरबी आणि केसांची मुळे काढून त्वचा मुद्दाम पातळ केली जाई. पुढे ऊती न काढता एकच सरळ छेद घेणे आणि लांब खुंट वापरणे रूढ झाले. शस्त्रक्रियेचा वेळ घटला, टकलाचा चट्टाही टळला. मग खुंटच नको, त्वचेखाली लोहचुंबक ठेवू आणि प्रोसेसर बाहेरून त्याला चिकटवू, असा विचार आला. मात्र मधल्या त्वचेत कंपने, विशेषतः उंच पट्टीची, क्षीण होतात. त्यावर उतारा म्हणून कंपक, म्हणजे कंपने निर्माण करणारा भाग, हाडावरच, बंद त्वचेखाली बसवणारी साधने आली : २०१२ मध्ये युरोपात बोनब्रिज, नंतर दाबविद्युत तत्त्वावरचे (वीज दिल्यावर आकार बदलणाऱ्या पदार्थाने कंपने करणारे) ओसिया. एमआरआयच्या वेळी मात्र बाहेरचा प्रोसेसर धरून ठेवणारे त्यांचे चुंबक आड येते. डोक्याच्या प्रतिमेत त्याची मोठी सावली पडते.

मुलांचे गणित निराळे. कवटी पातळ, हाड मऊ आणि खेळताना मार बसण्याची भीती कायम. म्हणून खुंटाची शस्त्रक्रिया अनेकदा दोन टप्प्यांत होते : आधी स्क्रू, हाड धरल्यावर काही महिन्यांनी खुंट. काही शल्यचिकित्सक पहिल्याच वेळी शेजारी एक राखीव स्क्रूही बसवून ठेवतात. बोनब्रिजचा पहिला कंपक हाडात सुमारे ९ मिमी खोल जाई, त्यामुळे लहान वयात जागा शोधण्यासाठी सीटी स्कॅन कसून पाहावा लागे. २०१९ मधील आवृत्तीत ही खोली जवळपास निम्म्यावर आली. अमेरिकेत हाडात स्क्रू बसवण्यास ५ वर्षांखाली मान्यता नाही. तोवर बाळाच्या डोक्याला प्रोसेसर लावलेला मऊ पट्टा बांधतात. भाषा शिकण्याची वर्षे वाया जाऊ नयेत यासाठी हा पट्टा शस्त्रक्रियेइतकाच मोलाचा आहे. मोठ्यांनाही रोपणाआधी आवाज कसा येतो ते त्यावरच ऐकवून पाहतात.