कुत्र्यावरील पिसवा

पिसू हा कुत्रा, मांजर अशा उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या रक्तावर जगणारा बिनपंखी कीटक आहे. लांबी दीड ते तीन मिलिमीटर, रंग तांबूस तपकिरी. अंग दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखे चपटे असल्याने ती दाट केसांतूनही सरसर पळते, आणि अंगावरचे राठ केस मागे वळलेले असल्याने खाजवून सहजी निसटत नाही. चिमटीत सापडली तरी चिरडत नाही. नखावर नख दाबावे लागते. गंमत म्हणजे पाळीव कुत्र्यावर सापडणारी पिसू बहुतेक वेळा ‘कुत्र्याची’ नसतेच. टेनोसेफॅलिडीस कॅनिस ही कुत्र्याची जात वेगळी आहे, पण जगात बहुतेक ठिकाणी कुत्र्यांना छळते ती टेनोसेफॅलिडीस फेलिस, म्हणजे मांजराची पिसू. उपचार दोन्हींवर सारखेच आहेत.

बोलताना कुत्र्याच्या अंगावरच्या कुठल्याही किड्याला सरसकट गोचीड म्हटले जाते. तिथेच घोटाळा सुरू होतो. गोचीड कोळ्याच्या नात्यातला, वाढ झाल्यावर आठ पायांचा. तो एका जागी तोंड रुतवून फुगत बसतो आणि उडी मारत नाही. ऊ संथ असते आणि तिच्या लिखा केसाला घट्ट चिकटलेल्या असतात. पिसूला सहा पाय, मागचे दोन लांब. ती क्षणभर दिसते आणि नाहीशी होते. तिची अंडी केसाला चिकटत नाहीत, गळून पडतात. पुढचा सगळा त्रास या एका गोष्टीतून उद्भवतो. (‘पिसाळलेला कुत्रा’ याच्याशी पिसवांचा काही संबंध नाही, तो शब्द वेड या अर्थाच्या ‘पिसे’पासून आला आहे.)

ओळख

कुत्रा एकाएकी वळून शेपटीच्या मुळाशी दातांनी कुरतडू लागला, तर पहिला संशय पिसवांचा घ्यावा. कंबरेचा मागचा भाग, मांड्यांची आतली बाजू, पोट आणि मान या त्यांच्या आवडत्या जागा. बारीक दातांची फणी कातडीपर्यंत टेकवून या भागांवरून फिरवावी आणि लगेच साबणाच्या पाण्यात बुडवावी. निसटलेली पिसू त्यात बुडून मरते. फणीत जिवंत पिसू आली नाही, तरी मिरीच्या भुकटीसारखे काळे कण येतात का ते पाहावे. हे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवले की थोड्या वेळात त्यांच्याभोवती तांबडा डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे बहुतांशी पचलेले रक्त. साधी धूळ असेल तर डाग तांबडा होत नाही. ही कागदाची चाचणी घरच्या घरी होते आणि सहसा फसत नाही.

‘अंगावर एकही पिसू दिसली नाही, म्हणजे पिसवा नाहीत’ हा तर्क मात्र हमखास चुकतो. काही कुत्र्यांना पिसूच्या लाळेची अ‍ॅलर्जी असते. त्यांना थोड्याशा चाव्यांनीही अनेक दिवस खाज सुटते, पाठीमागचे केस झडतात, कातडी लाल आणि जाड होते, खाजवून जखमा पिकतात. असा कुत्रा अंग इतके चाटतो की पिसवा गिळल्या जातात आणि पुरावाच उरत नाही. उलट अ‍ॅलर्जी नसलेला कुत्रा बऱ्याच पिसवा अंगावर घेऊन निवांत हिंडू शकतो. तेव्हा खाज किती आहे त्यावरून पिसवा किती आहेत याचा अंदाज बांधता येत नाही. खरूज, बुरशी आणि अन्नाची अ‍ॅलर्जी यांतही खाज असतेच. महिनाभर नेटाने उपचार करूनही ती हटली नाही, तर पशुवैद्याने कातडी खरवडून तपासलेली बरी.

जीवनक्रम

पहिल्यांदा रक्त प्याल्यावर दिवसा-दोन दिवसांत मादी अंडी घालू लागते आणि जोरात असताना दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालते. जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची ही पांढरी अंडी कुत्रा जिथे लोळतो, झोपतो, अंग झटकतो तिथे पडतात. त्यांतून निघणारी अळी उजेड टाळून सतरंजीच्या, गादीच्या वा फरशीच्या फटीच्या तळाशी जाते आणि मोठ्या पिसवांची वाळलेली विष्ठा खाऊन वाढते. मग ती चिकट रेशमी कोष विणते. त्यावर धूळ आणि धागे चिकटल्याने तो ओळखूच येत नाही. उबदार, दमट हवेत हा सारा फेरा दोन-तीन आठवड्यांत पुरा होतो. हवा कोरडी असेल तर अळ्या मरतात.

कोषातली पिसू मात्र कित्येक महिने दम धरून राहू शकते. जवळून जाणाऱ्याच्या पावलांची थरथर, अंगाची ऊब किंवा श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की ती बाहेर पडते. दीर्घकाळ बंद असलेले घर उघडल्यावर आत शिरणाऱ्याच्या घोट्यांना एकदम चावे बसतात ते यामुळे. घरातल्या एकूण पिसवांपैकी प्रौढ अवस्थेत सुमारे ५ टक्केच असतात, बाकी अंडी, अळ्या आणि कोष, असा सर्वसाधारण अंदाज आहे. थोडक्यात, कुत्रा हे पिसवांचे जेवणाचे ताट आहे; बिऱ्हाड त्यांचे घरात असते.

उपचार

साबणाने किंवा शाम्पूने आंघोळ घातली की अंगावरच्या बऱ्याच पिसवा जातात, पण दुसऱ्या दिवशी घरातून नव्या चढतात. म्हणून टिकणारे औषध लागते. दोन खांद्यांच्या मध्ये, केस बाजूला सारून थेट कातडीवर सोडायच्या थेंबांत फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड किंवा सेलामेक्टिन असते. त्यांचा असर साधारण महिनाभर राहतो. थेंबांच्या आगेमागे दोन-दोन दिवस आंघोळ टाळावी. पोटातून द्यायच्या गोळ्यांत अफोक्सोलॅनर, सॅरोलॅनर आणि लोटिलॅनर महिनाभर, तर फ्लुरालॅनर पिसवांवर सुमारे १२ आठवडे पुरते. या गटातल्या औषधांनी काही कुत्र्यांना झटके येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दिला. त्यामुळे फेफऱ्याचा इतिहास असेल तर तो पशुवैद्याला आधी सांगावा. नायटेनपायरॅमची गोळी अर्ध्या तासात पिसवा मारू लागते, पण तिचा जोर दिवसभराचाच.

मात्रा वजनावर ठरते. मोठ्या कुत्र्याचे औषध अंदाजाने अर्धे करून पिल्लाला देणे धोक्याचे; अगदी लहान पिल्लांना तर फणी आणि कोमट पाण्याची आंघोळ एवढेच सुरक्षित. परमेथ्रिन असलेले कुत्र्याचे औषध मांजराचा जीव घेऊ शकते, आणि फिप्रोनिल सशाला चालत नाही. शेतीची कीटकनाशके अंगावर फवारणे हा तर शुद्ध अविचार. लसूण खाऊ घालण्याचा घरगुती सल्लाही टाळावा: पिसवा त्याने जात नाहीत, कुत्र्याच्या तांबड्या पेशी मात्र फुटतात. टी-ट्री तेलाची विषबाधा होते.

घरातल्या प्रत्येक कुत्र्या-मांजराला एकाच वेळी औषध द्यावे. अंथरुणे दर आठवड्याला ६० अंश सेल्सियसच्या पाण्यात धुवावीत; फटी, कोपरे आणि सोफ्याखालचा भाग व्हॅक्यूम क्लीनरने काढून आतला कचरा लगेच घराबाहेर टाकावा. मेथोप्रीन किंवा पायरिप्रॉक्सिफेन असलेले फवारे अंडी-अळ्यांची वाढ रोखतात. कोषांवर मात्र कुठलेच कीटकनाशक धड चालत नाही. म्हणून औषध दिल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा पिसवा दिसल्या तर औषध निकामी ठरले असे नाही. जुन्या कोषांतली पिढी बाहेर येऊन औषध असलेल्या अंगावर चढत असते आणि मरत असते. नेमके इथेच बरेच जण कंटाळून थांबतात. उपचार किमान तीन महिने चालू ठेवावा लागतो.

इतर परिणाम

लहान पिल्लांवर खूप पिसवा झाल्या तर रक्त कमी होऊन जीवावर बेतते. हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर थांबू नये. डिपिलिडियम कॅनायनम या पट्टकृमीची अंडी पिसूची अळी खाते, आणि ती पिसू गिळलेल्या कुत्र्याच्या आतड्यात कृमी वाढतो. गुदद्वाराभोवती किंवा विष्ठेत तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले की जंताचे औषधही द्यावे लागते. चुकून पिसू गिळलेल्या लहान मुलांनाही हा कृमी होतो. प्लेगचा प्रसार मुख्यतः उंदरावरची वेगळी पिसू करते. तिचा हात असल्याचे फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत प्रयोगाने दाखवले. कुत्र्यावर आढळणारी मांजराची पिसू प्लेग पसरवण्यात त्या मानाने अगदीच कुचकामी आहे.