पबमेडमध्ये प्रीप्रिंट: वीस वर्षं रखडलेली सोय

पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय निबंध शोधायच्या अमेरिकी सरकारी संकेतस्थळावर, एखादं औषध किंवा आजार शोधला की आता यादीत मधूनच ‘प्रीप्रिंट’ असा शिक्का असलेला निबंध दिसतो. उघडला की वरच सूचना असते: कोणत्याही जर्नलने याचं परीक्षण अजून केलेलं नाही. पुढे तो जर्नलमध्ये छापून आला की त्या आवृत्तीची लिंकही तिथेच जोडली जाते. ही सोय जून 2020 मध्ये कोविडपुरती सुरू झाली आणि जानेवारी 2023 पासून इतर विषयांनाही मिळाली. खरं तर ती 1999 मध्येच व्हायची होती.

त्याआधीचा प्रयत्न आज फारसा कुणाला आठवत नाही. 1961 पासून अमेरिकेच्या सरकारी खर्चाने संशोधकांचे गट करून त्यांना अप्रकाशित निबंधांच्या प्रती टपालाने पाठवल्या जात. सभासद 3,600 च्या वर गेले. मग जर्नलांनी ठरवलं की असा वाटला गेलेला मजकूर छापायचा नाही, आणि 1967 मध्ये योजना गुंडाळली गेली. दोन वर्षांनी बोस्टनच्या एका वैद्यकीय साप्ताहिकाने, आधी कुठे प्रसिद्ध झालेलं संशोधन घेणार नाही, असा नियमच केला. त्या नियमाची धास्ती पुढची कित्येक दशकं टिकली.

मे 1999 मध्ये अमेरिकेच्या सरकारी आरोग्य-संशोधन यंत्रणेच्या तेव्हाच्या प्रमुखांनी एक मसुदा सर्वांपुढे ठेवला. पबमेड तेव्हा फुकट होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती, पण तिथे मिळायचे ते मुख्यतः सारांश. या मसुद्यात पूर्ण निबंध खुले करायचे होते आणि त्यासाठी दोन वाटा सुचवल्या होत्या. एक, नेहमीसारखं जर्नलच्या संपादकांकडून परीक्षण. दुसरी, त्या विषयातल्या दोन जाणकारांनी ‘ठेवायला हरकत नाही’ म्हटलं की निबंध लगेच संग्रहात. भांडण या दुसऱ्या वाटेवरून पेटलं.

विरोधकांचं म्हणणं असं, की न तपासलेला दावा वाचून कुणी डॉक्टर औषध बदलेल आणि किंमत रुग्ण मोजेल. ही काळजी खोटी नव्हती. पण तिच्या जोडीला वर्गणीच्या उत्पन्नाची काळजीही होती. अनेक वैज्ञानिक संस्थांचा खर्च जर्नलच्या वर्गणीवर चालत असे. चर्चेत हे दोन्ही मुद्दे एकमेकांत मिसळले आणि रुग्णहिताच्या आडून उत्पन्नही राखलं गेलं, असं माझं स्पष्ट मत आहे. मूलभूत जीवशास्त्राला एक नियम आणि उपचारांवरच्या निबंधांना अधिक कडक नियम, असा मधला मार्ग काढता आला असता. भौतिकशास्त्रज्ञ तर 1991 पासून प्रीप्रिंट बिनदिक्कत वापरत होते. ऑगस्टअखेर योजनेचं नाव बदललं. फेब्रुवारी 2000 मध्ये पबमेड सेंट्रल या नव्या नावाने पूर्ण निबंधांचा हा संग्रह उघडला तेव्हा त्यात दोन जर्नलं होती, प्रीप्रिंट नव्हते.

मग जीवशास्त्राचे प्रीप्रिंट ठेवणारं बायोआरकाइव्ह हे संकेतस्थळ यायला नोव्हेंबर 2013 उजाडलं, आणि क्लिनिकल संशोधनासाठीचं मेडआरकाइव्ह जून 2019 मध्ये सुरू झालं. महामारीच्या जेमतेम सहा महिने आधी!

2020 मध्ये दोन्ही बाजूंची परीक्षा झाली. जानेवारीच्या शेवटच्या दिवशी दिल्लीतल्या संशोधकांनी नव्या विषाणूचं एचआयव्हीशी साम्य असल्याचा दावा करणारा प्रीप्रिंट टाकला. जगभरातून चुका दाखवल्या गेल्या आणि दोन दिवसांत तो मागे घेतला गेला. उलट हायड्रॉक्सीक्लोरोक्विनवरचा निबंध परीक्षण होऊन लंडनच्या नामांकित साप्ताहिकात 22 मे रोजी छापून आला आणि 4 जूनला मागे घ्यावा लागला, कारण मूळ आकडेवारीची खातरजमाच करता येईना. तोवर त्या औषधाची आंतरराष्ट्रीय चाचणी काही दिवस थांबवली गेली होती. डेक्सामेथासोनचं उदाहरण तर लख्ख आहे. हे औषध दिल्याने व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांमधले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले, हे सांगणारा प्रीप्रिंट 22 जूनला आला. 27 जूनला भारताच्या उपचार-सूचनांत हे औषध आलं. जर्नलमधला निबंध 17 जुलैचा. इतकं स्वस्त, कुठल्याही तालुक्याला मिळणारं औषध त्या तीन आठवड्यांसाठी अडून राहिलं नाही, हे बरंच झालं.

मेडआरकाइव्हवर सगळंच घेतलं जातं असंही नाही. एकट्या रुग्णाची केस रिपोर्ट चालत नाही. नैतिक समितीची मान्यता आणि चाचणी असेल तर तिची नोंदणी सांगावी लागते. निबंध सुधारला की जुनी आवृत्तीही तशीच राहते, त्यामुळे कुठला आकडा कधी बदलला हे कुणालाही पडताळता येतं. सिस्टिमॅटिक रिव्ह्यू, म्हणजे एका प्रश्नावरच्या सगळ्या निबंधांचा पद्धतशीर आढावा, करणाऱ्यांना प्रीप्रिंट नको असतील तर पबमेडच्या फिल्टरमध्ये ‘एक्स्क्लूड प्रीप्रिंट्स’ची सोय आहे.

आपल्याकडच्या संशोधकांसाठी अडचण वेगळीच आहे. पबमेड फक्त अमेरिकेच्या त्या सरकारी आरोग्य-संशोधन यंत्रणेच्या निधीतून झालेल्या कामाचेच प्रीप्रिंट घेतं. पुण्यात किंवा नागपुरात भारतीय निधीवर केलेलं काम मेडआरकाइव्हवर टाकलं, तरी छापून येईपर्यंत पबमेडच्या शोधात ते सापडत नाही. त्यासाठी युरोप पीएमसी या युरोपातल्या तशाच शोध-संकेतस्थळावर शोधावं. तिथे 2018 पासून प्रीप्रिंट घेतले जातात आणि निधी कुणाचा, ही अट नाही.