रेमोचा ‘गोअन क्रेझी’ एकेक गाणं ऐकायच्या आधी

आम्ही सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडची काही मंडळी आता आठवड्याला एक गाणं असं करत रेमो फर्नांडिसचा ‘गोअन क्रेझी’ ऐकणार आहोत, १९८४ चा अल्बम, म्हणून नवीन येणाऱ्यांसाठी त्याच्या मागचं थोडं लिहितेय.

बहुतेकांना रेमो माहितीय तो हिंदी सिनेमामुळे. पण त्याआधीचा रेमो म्हणजे स्वतः लिहिणारा, स्वतः चाल लावणारा आणि स्वतःच गाणारा माणूस. आपल्या भावगीतात कसं, कवी एक, संगीतकार दुसरा, गायक तिसरा. पण आपलीच पदं रचून आपणच गाणारी माणसं आपल्याकडे होतीच की, बांद्याचे सोहिरोबानाथ आंबिये तर इथलेच, अठराव्या शतकातले.

आणि आठवड्याला एक गाणं ऐकायचं हे कुणाला फॅड वाटत असेल तर गीतरामायण आठवा. १ एप्रिल १९५५, रामनवमी, पुणे आकाशवाणी. गदिमांचे शब्द, बाबूजींची चाल, आठवड्याला नवीन गाणं एकच, वर्षभर. मध्ये अधिक महिना आला म्हणून ५२ ची ५६ गाणी झाली. लोक पुढच्या गाण्याची वाट बघायचे, मधल्या दिवसांत तेच गाणं डोक्यात घोळायचं, शब्द पेपरात छापून यायचे ते कापून ठेवायचे. आम्हाला तसंच ऐकायचंय, प्लेलिस्टवर अर्धं ऐकून पुढे ढकलायचं नाही.

आता अल्बम म्हणजे काय त्याबद्दल थोडंसं. जुन्या, मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या तबकडीवर एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटं मावायची, म्हणजे एक गाणं. १९४८ ला अमेरिकेत कोलंबिया कंपनीने लाँग प्ले आणली, एका बाजूला वीसेक मिनिटं, आणि मग कुठलं गाणं आधी, कुठलं नंतर, बाजू कुठल्या गाण्यावर संपवायची हा विचार सुरू झाला. पुढे १९६३ ला फिलिप्सची कॅसेट आली. पण रेकॉर्डिंग करायचं तर स्टुडिओ लागायचा, म्हणजे पैसे, नाहीतर पाठीशी कंपनी.

ते बदललं १९७९ ला, टास्कॅमच्या पोर्टास्टुडिओने, म्हणजे घरीच रेकॉर्डिंग करता येईल अशा छोट्या कॅसेट मशिनने, आणि मला वाटतं या सगळ्या गोष्टीतला खरा महत्त्वाचा भाग हाच आहे. साध्या कॅसेटच्या टेपवर चार पट्टे म्हणजे ट्रॅक असतात, दोन एका बाजूचे दोन दुसऱ्या बाजूचे. या मशिनने चारही पट्टे एकाच दिशेला वापरले आणि टेप नेहमीच्या दुप्पट वेगाने फिरवली म्हणजे आवाज बरा येईल. मग एका पट्ट्यावर गिटार भरायची, ती ऐकत दुसऱ्यावर बेस, तिसऱ्यावर ताल, हे तिन्ही मिळून चौथ्यावर उतरवायचे की पहिले तीन परत मोकळे. पण एकदा उतरवलं की त्यातली एकटी गिटार नंतर कमी-जास्त करता येत नाही, आणि दर वेळी आवाज थोडा घसरतो, टेपची सरसर वाढते. म्हणजे पुढचं सगळं आधी मनात पक्कं ऐकू यायला हवं.

रेमोचा जन्म १९५३ चा, पणजीचा. मुंबईत आर्किटेक्चर शिकला, मग युरोप आणि उत्तर आफ्रिकेत गाड्यांना हात करत फिरला, आणि परत येऊन गोव्यातल्या शिवोली गावात राहिला. शापोरा नदीवर तेव्हा पूल नव्हता, पलीकडे चोपड्याला जायचं तर फेरीबोट. तिथे घरात बसून त्याने अशाच चार ट्रॅकच्या कॅसेट मशिनवर हा अख्खा अल्बम केला, सगळे आवाज त्याचे, सगळी वाद्यं त्यानेच वाजवलेली, रेकॉर्डिंगही त्याचंच. कॅसेट तयार झाल्यावर पिवळ्या स्कूटरवर घालून दुकानादुकानात स्वतः नेऊन दिल्या!! कोकण किनाऱ्यावरच्या एका गावात बसून, इंग्रजीत, आपल्याच माणसांबद्दल. मला याचं फार अप्रूप आहे, खरंच.

म्हणून ऐकताना हेडफोन लावा, एकदा फक्त आवाजांकडे लक्ष द्या, मागे गाणाराही तोच आहे. दुसऱ्यांदा शब्द. नंतर ८५ चा ‘ओल्ड गोअन गोल्ड’, ८६ चा ‘पॅक दॅट स्मॅक’, ८७ चा ‘बॉम्बे सिटी’ घ्यायचेत, पण हा संपल्याशिवाय पुढचा उघडायचा नाही असं ठरलंय.