तिपटीहून जरासं जास्त: दोन बँडांच्या रडारसाठी फ्रॅक्टल पॅच

नारळी पौर्णिमेनंतर हर्णै-मालवणच्या बोटी बाहेर पडतात, पण पाऊस गेलेला नसतो. सर आली की ९.४१ गिगाहर्ट्झच्या एक्स बँड रडारवर पांढरट डाग पसरतो आणि समोरची होडी त्यात बुडते. थेंबांवरून होणारं परावर्तन वारंवारतेच्या चौथ्या घातानं वाढतं, त्यामुळे ३.०५ गिगाहर्ट्झच्या एस बँडला तोच पाऊस सुमारे ९० पट फिका दिसतो. उघडीप असताना बारकावे दाखवतो मात्र एक्स बँडच. दोन्ही हवेत, आणि डोलकाठीवर जागा वीतभर. म्हणून दोन्ही बँडांना एकच अँटेना हवा: बोर्डावरचा तांब्याचा चपटा तुकडा, म्हणजे पॅच.

या दोन वारंवारतांचं गुणोत्तर ३.०९. तांब्याचा साधा आयताकृती पॅच मूळ वारंवारतेला अनुनाद देतो, तसाच तिच्या जवळपास तिपटीलाही. उरतो तो तीनेक टक्क्यांचा फरक. फ्रॅक्टल खाचा, म्हणजे खाचेवर तशीच लहान खाच, लागतात त्या एवढ्यासाठी. रांगोळीसारखा देखणा आकार आहे म्हणून अँटेना चालत नाही.

३.५५ डायइलेक्ट्रिक स्थिरांकाचा (हा जास्त तितका तरंग बोर्डात आखूड होतो), १.५२ मिमी जाडीचा बोर्ड घेतला तर पॅचची लांबी २५.६ आणि रुंदी ३२.६ मिमी येते. नेहमीच्या सर्किट बोर्डाचं स्वस्त एफआर-४ साहित्य नको. एक्स बँडला ते बरीच शक्ती गिळतं, शिवाय त्याचा स्थिरांक लॉटगणिक बदलतो.

आता खाचा कुठे? लांबीच्या एक तृतीयांशावर, म्हणजे दोन्ही टोकांपासून ८.५ मिमीवर, वरच्या बँडचा प्रवाह शून्य असतो. खालच्या बँडचा मात्र कमालीच्या ८७ टक्के. लांबीच्या दोन्ही कडांना नेमक्या तिथे ४.५ मिमी पायाच्या त्रिकोणी खाचा पाडल्या, की खालची वारंवारता उतरते आणि वरची फारशी हलत नाही. खाचेच्या प्रत्येक बाजूवर पुन्हा १.५ मिमीची खाच, की झाली कॉख वक्राची (बाजूंवर लहान-लहान त्रिकोण रचत जाणाऱ्या फ्रॅक्टलची) दुसरी पायरी. तिसरी टाळावी. ०.५ मिमीचे दात एचिंगमध्ये (नको ते तांबं रसायनानं विरघळवताना) गोल होतात आणि पदरात काही पडत नाही. सिम्युलेशनमध्ये आधी खाचेची खोली बदलून गुणोत्तर जुळवायचं, मग अख्खा पॅच आखडायचा. उलट केलं तर दोन्ही बँड एकमेकांमागे पळत राहतात.

केबल जोडायच्या छोट्या एसएमए कनेक्टरची पिनही मधल्या रेषेवर, टोकापासून ८.५ मिमीवरच. तिथे एस बँडचा रोध टोकाच्या रोधाच्या चौथाई, साठ-सत्तर ओहम. एक्स बँडचा कमाल, पण पॅच तरंगलांबीइतका रुंद असल्यानं तोही तेवढाच. पिनचं इंडक्टन्स (बदलत्या प्रवाहाला तिची आडकाठी) एक्स बँडला छळतं. तिच्याभोवती पॅचमध्ये अरुंद गोल फट ठेवली की ते बरंचसं कटतं.

खरी अडचण ॲरेत, म्हणजे पॅचच्या ओळीत, येते. किरण अरुंद हवा तर अनेक पॅच ओळीनं लावावे लागतात, आणि ३२ मिमीहून जास्त अंतर पडलं की एक्स बँडला भलत्याच दिशेनं दुसरा किरण फुटतो. मग एकच बोट पडद्यावर दोनदा दिसते. म्हणून ओळ २५ मिमीच्या बाजूनं लावायची आणि अंतर ३० मिमीच्या आत ठेवायचं.

पाण्याचा थर पॅचला टेकू द्यायचा नाही, वारंवारता घसरते. झाकण १६ मिमी वर ठेवावं, आणि कनेक्टरच्या सांध्यावर आपोआप चिकटणारी रबरी टेप, नाहीतर खाऱ्या वाऱ्यानं तो हिरवा पडतो.