नेवरोज (तुर्कस्तान)

तुर्कस्तानातल्या कुर्द या अल्पसंख्य समाजाचा २१ मार्चचा सण, आणि १९८० नंतर कुर्द विरुद्ध सरकार या राजकारणातला सगळ्यात तापलेला दिवस. कुर्द ज्याला नेवरोज म्हणतात त्याला सरकारी तुर्की भाषेत नेवरूज म्हणतात. रोमन लिपीत कुर्दी शब्द डब्ल्यूने लिहितात आणि तुर्की शब्द व्हीने, आणि कित्येक वर्षं भांडण त्या एका अक्षरावरच होतं. देवनागरीत दोघांना एकच व, त्यामुळे मराठीत हा वाद दिसतच नाही. शब्द फारसी, नवा रोज म्हणजे नवा दिवस. आपला रोज तिथूनच आलाय आणि मुंबईच्या पारशांचा जमशेदी नवरोजही याच दिवसाचा.

सणाचं मूळ हा मुख्य वादाचा मुद्दा. कुर्द सांगतात ती गोष्ट अशी की देहाक नावाचा जुलमी राजा, त्याच्या खांद्यांवर दोन साप, त्यांना रोज दोन पोरांचे मेंदू खायला लागायचे, शेवटी कावा लोहाराने हातोडा घालून राजाला मारलं आणि डोंगरावर जाळ पेटवून लोकांना कळवलं. काहीजण याला इ.स.पू. ६१२ मधल्या निनेवेच्या पाडावाशी जोडतात. पण फिरदौसीच्या शाहनाम्यात (इ.स. १०१० च्या सुमाराला पुरा) कावा फक्त बंड उभं करतो, राजाला हरवून दमावंद डोंगरात बांधून ठेवतो तो फरीदून, आणि नवरोज सुरू करणारा तर भलताच, जमशीद. हां, त्यातच एक जागा अशी आहे की दोन आचारी रोज एका पोराला वाचवून डोंगरात पळवून लावतात आणि कुर्द त्या वाचलेल्या पोरांचे वंशज, म्हणजे देहाकशी कुर्दांचं नातं जुनंच आहे. सणही जुना, कारण कुर्दी कवी अहमद-ए-खानीच्या सतराव्या शतकाच्या शेवटच्या काव्यात लोक नेवरोजला घराबाहेर पडून मोकळ्यावर जातात असं वर्णन आहे, फक्त तिथे कावाचा पत्ता नाही. कावा आणि नेवरोज यांची गाठ विसाव्या शतकातल्या राष्ट्रवादी लेखकांनी बांधली, हे मत जास्त पटतं.

सरकारी बाजूची कथा त्याहून नवी. १९९० च्या दशकात सोव्हिएत युनियन फुटल्यावर मध्य आशियातली तुर्की कुळातल्या भाषांची प्रजासत्ताकं नवरोज करतात हे तुर्कस्तान सरकारने उचलून धरलं आणि सणाला एर्गेनेकोनची दंतकथा जोडली, म्हणजे डोंगरात कोंडलेले पूर्वज एका लोहाराने लोखंडाचा डोंगर वितळवल्यावर बाहेर आले. ही कथा चौदाव्या शतकात रशीदुद्दीन या इराणी इतिहासकाराने लिहून ठेवलीय खरी, पण मंगोलांची म्हणून. तरी मंत्री ऐरणीवर तापलं लोखंड ठोकतात आणि जाळावरून उड्या मारतात. गंमत म्हणजे लोहार दोन्हीकडे आहेच.

अक्षराचं प्रकरण १ नोव्हेंबर १९२८ च्या कायद्यापासूनचं. त्याने तुर्की वर्णमाला २९ अक्षरांची केली, त्यात क्यू, डब्ल्यू, एक्स नाहीत. कुर्दी रोमन लिपीला (१९३२, दमास्कसचं हावार मासिक) ही तिन्ही लागतात. त्यामुळे ही अक्षरं असलेलं पोराचं नाव जन्मनोंदणीत बसेना, पत्रकावर सणाचं नाव डब्ल्यूने लिहिलं की केस. शो टीव्ही नावाचा चॅनल मात्र तेच अक्षर मिरवत चालू होता. नावांच्या एका खटल्यात युरोपियन मानवाधिकार न्यायालयाने २०१० मध्ये निकाल सरकारच्या बाजूने दिला, आणि पुढे २०१३ मध्ये सरकारनेच बंदी उठवायचं जाहीर केलं. त्याआधी २००९ मध्ये युनेस्कोच्या यादीत सण आला, अर्ज करणाऱ्यांत तुर्कस्तान होता आणि भारतही, शीर्षकात नावाची सहा रूपं होती पण कुर्दी रूप नव्हतं.

सणाला राजकीय धार आली १९८२ ला. कुर्दबहुल दियारबाकिर शहराच्या लष्करी तुरुंगात पीकेके या सशस्त्र कुर्द संघटनेचा मजलूम दोआन २१ मार्चला मेला. तीन काड्या पेटवून त्याने गळफास घेतला असं एक कथन, स्वतःला जाळून घेतलं असं दुसरं. तेव्हापासून तो 'आजचा कावा'. १९९२ ला जिझ्रे, शिर्नाक आणि नुसैबिन या कुर्द भागातल्या गावांमध्ये जमावावर गोळीबार होऊन डझनावारी लोक गेले.

शहरात लाकडांऐवजी टायर जाळायचे, काळा धूर लांबून दिसायचा, आणि पोलीस तो बघूनच यायचे. आता दियारबाकिरच्या मैदानात लाखोंची गर्दी असते, आत जाताना झडती, मग पिवळ्या-लाल-हिरव्या रुमालांत गोवेंद नाच, हातात हात धरून लांब रांग आणि टोकाचा माणूस रुमाल फिरवणार. इथेच २१ मार्च २०१३ ला पीकेकेचा संस्थापक अब्दुल्ला ओजालानचं इम्राली बेटावरच्या तुरुंगातून आलेलं पत्र कुर्दी आणि तुर्कीत वाचलं गेलं, शस्त्रं थांबवा असं. तेव्हाची सरकार आणि पीकेके यांच्यातली शांततेची बोलणी २०१५ च्या जुलैत मोडली. २०१७ ला मैदानाच्या झडतीच्या नाक्यावर एका विद्यार्थ्याला पोलिसांची गोळी लागून तो गेला. २७ फेब्रुवारी २०२५ ला ओजालानने पीकेके विसर्जित करायचं आवाहन केलं आणि मे महिन्यात संघटनेने तसं जाहीर केलं, मधला नेवरोज या दोन्हींच्या मध्येच आला.